पिल्लू मागण्याआधीचे सहा महिने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी पुण्याहून घरी, नाशिकरोडला गेले होते. बॅग घेऊन जिना चढत होते, तर खालच्या मजल्यावरचा मुलगा पायरीवर माझी वाट बघत बसलेला. यंदा त्याने दहावीची परीक्षा दिली आहे. म्हणाला, "ताई, तू कुत्र्यासाठी काका-काकूंना कसं पटवलंस ते मला सांग ना. मला हस्की पाहिजे. पप्पा विषयच काढू देत नाहीत."

आमच्याकडे गोल्डन रिट्रीव्हर जातीचा कुत्रा आहे. मादी, साडेतीन वर्षांची. नाव खारीक, कारण रंग तसाच आहे. मी एकोणीस वर्षांची असताना तिच्यासाठी घरच्यांच्या मागे लागले होते आणि ती घरात यायला वर्षाहून जास्त काळ गेला. जिन्यात उभ्या उभ्या मी त्या मुलाला जे सांगितलं ते फारच तोकडं होतं. रात्रभर ते मनात राहिलं. निकाल तोंडावर आले आहेत, सुट्टी आहे, आणि दर वर्षी याच दिवसांत घराघरांतून पिल्लाचा हट्ट सुरू होतो. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत त्यातल्याच काही घरांतून "दीड वर्षाचा कुत्रा, चांगल्या माणसांना द्यायचा आहे" असे निरोप फिरायला लागतात. वर्षभरात आमच्याच गल्लीतून दोन कुत्रे असे गेले. त्यातला एक हस्की होता. गच्चीवरच्या पत्र्याखाली बांधलेला असायचा. म्हणून त्या मुलाला जे सांगायचं राहिलं ते आपल्या पत्रातून सगळ्यांनाच सांगते. मुलांना, आणि त्यांच्या आईवडिलांनाही.

मी पहिल्यांदा मागितला तो हस्कीच. २०२१ ची दिवाळी होती. निळ्या डोळ्यांच्या पिल्लांचे व्हिडिओ मी पप्पांना जेवताना दाखवायचे. ते बघायचे, ताट उचलायचे आणि हात धुवायला जायचे. मी रडले. दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी पप्पांशी बोलणं बंद केलं. आईने "देऊन टाका एकदाचं" म्हटलंही होतं, आणि तेव्हा पप्पा हो म्हणाले असते तर त्या कुत्र्याचं काय झालं असतं, हे आज आठवलं तरी पोटात गोळा येतो. कारण मला काहीही माहीत नव्हतं.

पप्पा नाशिकरोडच्या सरकारी नोटा-तिकिटांच्या प्रेसमध्ये होते. सगळी नोकरी मोजण्यात गेली. त्यांना आवाज चढवून काही पटत नाही, कागदावर मांडलं की पटतं. एका संध्याकाळी पाळीवरून येताना त्यांनी शंभर पानी वही आणली आणि माझ्यापुढे ठेवली. "मी नाही म्हणत नाहीये. हा कुत्रा कुठला, कशासाठी तयार केला, त्याला काय लागतं, ते यात लिही. मग बोलू."

मी मन लावून लिहिलं. सैबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची नावाचे लोक राहतात, त्यांनी गाडी ओढायला हे कुत्रे पिढ्यान् पिढ्या जोपासले. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा बर्फातून कुत्र्यांच्या गाड्यांनी एकामागून एक टप्पे घेत औषध पोचवलं, जवळजवळ १,१०० किलोमीटर, साडेपाच दिवसांत. हे लिहिताना माझ्या अंगावर काटा आला होता. पप्पांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि एकच विचारलं, "आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये किती असतं?"

चाळीसच्या आसपास असतं. काही दिवस चाळीसच्या वर.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी जेलरोडच्या आमच्या भागातल्या एका पशुवैद्यांकडे गेले. त्यांनी मला शनिवारी दवाखान्यात येऊन बसायची परवानगी दिली. मी दोन महिने, दर शनिवारी चार ते आठ, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. मुलांनो, यासारखी दुसरी शाळा नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना येतो, पण त्याने अंग थंड होत नाही. सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढायची. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचा लांब आणि आतला दाट लोकरीसारखा. लोक उन्हाळ्यात त्याचं मुंडण करतात. त्याने थंडावा मिळत नाही, उलट उन्हापासूनचा आडोसा जातो आणि वरचा थर पुन्हा नीट येईलच असं नाही. डॉक्टर म्हणाले, चोवीस तास एसी लावणारे लोक आहेत, पण कुत्रा बाहेर धावायचा कधी? दिवसाला कित्येक किलोमीटर पळण्यासाठी घडवलेलं जनावर एसीच्या खोलीत कोंडायचं, ते दार कुरतडतं, ओरडतं, आणि मग घरचे म्हणतात कुत्रा बिघडला.

त्या रात्री वहीत हस्कीच्या पानावर मी स्वतः फुली मारली. कोणी सांगितलं नव्हतं.

गोल्डनसुद्धा आपल्या हवेतला कुत्रा नाही, हे मी इथे स्पष्ट लिहिते. तो स्कॉटलंडचा. १८६८ मध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी पिवळसर रिट्रीव्हर आणि पाण्यात उतरणारी स्पॅनियल यांचा संकर केला, तिथून ही जात सुरू झाली. शिकार केलेले पक्षी पाण्यातून अलगद तोंडात धरून आणायचे, हे त्याचं काम. म्हणून त्याला पाणी दिसलं की उडी मारायची असते, आणि तोंडात सतत काहीतरी धरायचं असतं. आमच्या घरातली एकही चप्पल पहिल्या वर्षी जोडीने राहिली नाही. त्याच्याही अंगावर दोन थर केस. वर्षातून दोनदा तर ते गठ्ठ्यांनी गळतात. तो माणसाशिवाय राहू शकत नाही, एकटा पडला की खंगतो. पण नाशिकला रात्री पारा उतरतो, पहाट गार असते, हिवाळा चांगला असतो. वेळा सांभाळल्या तर तो इथे राहू शकतो, एवढं डॉक्टरांनी मान्य केलं. "जमेल, पण रोजचं काम आहे," हे त्यांचे शब्द मी वहीत लिहून घेतले.

मग पप्पांनी अट घातली. आमच्या नात्यात पुष्कळांना ती विचित्र वाटली. "१ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत रोज पहाटे साडेपाचला उठायचं आणि पाऊण तास चालून यायचं. रात्री साडेआठला पुन्हा अर्धा तास. कुत्र्याशिवाय. जो दिवस चुकेल तो शेवटी वाढेल."

मी कुत्र्याशिवाय कुत्रा फिरवला. जेलरोडवरून दसकच्या नदीकाठापर्यंत आणि परत. जूनमध्ये मजा वाटली. जुलैत संततधार लागली तेव्हा रेनकोटमधून पाणी आत जायचं आणि मी एकटीच अंधारात चालत असायचे. दूधवाल्या काकांनी विचारलं, "पोरी, वजन कमी करायचंय का?" या चालण्यात मला आमच्या रस्त्यावरचे सगळे भटके कुत्रे ओळखीचे झाले. चहाच्या टपरीपाशी चार, शाळेच्या भिंतीशी तीन, आणि पुलाच्या अलीकडे एक म्हातारी कुत्री, जी कोणालाही जवळ येऊ देत नसे. पुढे खारीकला घेऊन निघाले तेव्हा कुठे रस्ता ओलांडायचा, कुठे थांबायचं, हे मला आधीच माहीत होतं. या चालण्याचा असाही उपयोग होईल हे पप्पांच्याही डोक्यात नसावं.

चौदा दिवस चुकले. पाच दिवस ताप होता, दोन दिवस मावशीकडे लग्न, आणि उरलेले सात दिवस मी नुसतीच झोपून राहिले. पप्पांनी तापाचे दिवसही धरले. मी भांडले तेव्हा म्हणाले, "तुला ताप आला म्हणून त्याला शू लागायची थांबणार आहे का?" मला राग आला होता. आज वाटतं, सगळ्या अटीत हाच मुद्दा सर्वांत मोलाचा होता.

आईची अडचण वेगळी होती. आई घरी ब्लाउज शिवते. शिवणाची खोली म्हणजे आमच्या हॉलचाच आतला भाग. "गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर कुत्र्याचे केस गेले तर दुसऱ्यांदा कोण येईल?" ही तिची भीती रास्त होती. मी आधी "नाही जाणार गं" एवढंच म्हणायचे. हे पटवणं नव्हे, हे टाळणं. शेवटी मी एका ग्रूमिंगवाल्यांकडून एका गोल्डनचे विंचरून निघालेले केस पिशवीभर मागून आणले आणि आईपुढे ठेवले. आईने काय केलं असेल? तिने कपाटातून वेगवेगळ्या कापडांचे तुकडे काढले, सुती, सिल्क, खण, वेलवेट, आणि एकेकावर केस चोळून बघितले. ओल्या हाताने, ब्रशने, चिकटपट्टीने. सुती आणि सिल्कवरून निघाले. वेलवेटवरून काही केल्या निघेनात. आई म्हणाली, "वेलवेटची कामं मी घेणार नाही. आणि या खोलीला दार लागेल." पप्पांनी प्लायचं कमरेएवढं अर्धं दार बसवलं. ते आजही आहे. खारीक त्याच्यावर हनुवटी टेकवून मशीनचा आवाज ऐकत तासन् तास उभी असते. पण ती आत गेलेली नाही.

सण-लग्नसराईत वेलवेटच्या ब्लाउजची शिलाई चांगली मिळते. आईने ते उत्पन्न सोडलं. मी मागितलेल्या गोष्टीची किंमत माझ्या आईने अशी दिली आहे, आणि हे मी तेव्हा समजून घेतलं नव्हतं.

आजीबद्दल आम्ही सगळ्यांनी चुकीचा अंदाज केला. तिचं सोवळं, देवघर, म्हणून ती नाहीच म्हणणार असं धरून आम्ही तिला शेवटपर्यंत विचारलंच नाही. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "देवघरात येऊ देऊ नका म्हणजे झालं, दत्ताच्या पायाशी चार बसलेतच की. पण मला पाडू नये गं त्याने." आजी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तीस किलोचं जनावर आनंदाने अंगावर आलं आणि ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, तर? ज्या घरात वयस्क माणूस आहे तिथे हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा. आम्ही पिल्लू आल्यापासून पहिले तीन महिने बाकी काही शिकवलं नाही. फक्त दोन शब्द, "बस" आणि "थांब". आजी उठली की खारीक बसते. आमच्या टाइल्स गुळगुळीत आहेत. त्यावर कुत्र्याचे पायही घसरतात, आणि या जातीत खुब्याच्या सांध्याचा आजार पुष्कळ दिसतो. म्हणून हॉलभर जुन्या सतरंज्या आणि तरटं पसरली. त्याचा फायदा आजीलाही झाला.

पैशाचं लिहिते, कारण मुलं इथेच सगळ्यात जास्त थापा मारतात. मी मारल्या. "फार तर दोन हजार रुपये महिना" असं मी सुरुवातीला सांगितलं होतं. दवाखान्यात येणाऱ्या लोकांना विचारून खरा आकडा काढला तेव्हा तो साडेपाच ते सहा हजारांवर गेला. खाणं, गोचिडांचं औषध, जंताचं औषध, दर वर्षीच्या लसी, कानांची निगा. मग मी पाच मुलांची शिकवणी सुरू केली, प्रत्येकी ७०० रुपये. त्या सहा महिन्यांत दर महिन्याला ३,५०० रुपये डब्यात टाकले, जणू कुत्रा घरात आहेच. उरलेले कुठून येणार ते पप्पांसमोर बसून ठरवलं. डब्यातल्या २१,००० मधून १८,००० पिल्लाला गेले.

पिल्लू शोधताना एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याने पस्तीस दिवसांचं पिल्लू घ्यायचा आग्रह धरला. "लहान असलं की लवकर लळा लागतो." आई कुत्री दाखवा म्हटलं तर "ती फार्मवर आहे". आपल्याकडे २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे केंद्रीय नियम आहेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मी तिथून परत आले. दवाखान्यात असंच लवकर आईपासून तोडलेलं एक पिल्लू मी पार्व्हो नावाच्या आजाराने जाताना पाहिलं होतं. रक्ताची हगवण, तो वास, आणि सलाइनची सुई लावलेला अंगठ्याएवढा पाय. त्याच्याबरोबर आलेला मुलगा माझ्याच वयाचा होता आणि त्याचे वडील बाहेर रिक्षात बसून होते. ते दृश्य मी पप्पांना सांगितलं नाही. सांगितलं तर ते नाही म्हणतील अशी भीती होती. ते सांगायला हवं होतं.

खारीक आम्ही संगमनेरजवळच्या एका घरातून आणली. तिची आई अंगणात होती, आम्हाला बघून शेपटी हलवत पुढे आली. १५ डिसेंबर २०२२, पिल्लू चौसष्ट दिवसांचं. माझे वाढलेले चौदा दिवस आदल्याच सकाळी संपले होते.

आता जे चुकलं ते.

पावसाळ्यात या जातीचं अंग वाळायला दोन-दोन तास लागतात. वरून कोरडी दिसते आणि आत ओलच असते. तशीच राहिली की कातडीला बुरशी लागते, लोंबत्या कानांत पाणी राहिलं की कान फुटतात. पहिल्या पावसाळ्यात दोन्ही झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये गोचीडताप आला. गोचिडांचं औषध द्यायला मी नऊ दिवस उशीर केला होता, परीक्षेच्या नादात. ती खाईना, हिरड्या पांढऱ्या पडल्या, रक्त तपासलं तर प्लेटलेट खूप उतरलेल्या. दहा दिवसांत चौदा हजार रुपये लागले. डब्यात नऊ होते. उरलेले पप्पांनी दिले आणि वहीत नुसती तारीख लिहिली, शेरा काही नाही.

आणि एप्रिल २०२४. मला संध्याकाळी मैत्रिणीकडे जायचं होतं म्हणून मी तिला साडेआठऐवजी पाचलाच बाहेर नेलं. ऊन उतरलं असं मला वाटलं. डांबर उतरलं नव्हतं. परतताना ती थांबली, मी पट्टा ओढला. पुन्हा थांबली, पुन्हा ओढला. मग ती आडवी झाली. जीभ विटकरी रंगाची, तोंडातून चिकट लाळ, डोळे माझ्याकडे पण मला बघत नव्हते. शेजारी रोपवाटिका होती. तिथल्या माळीबाबांनी पाइप सोडला आणि आम्ही दोघांनी तिच्या पोटावर, जांघेत, पंजांवर पाणी ओतलं. रिक्षाने दवाखान्यात नेलं तेव्हा ताप १०६ होता. कुत्र्याचा नेहमीचा १०१ ते १०२.५ च्या मध्ये असतो. ती वाचली. माळीबाबांना ओला पंचा अंगावर टाकून न ठेवता नुसतं पाणी ओतत राहायचं सुचलं, म्हणून वाचली. गुंडाळून ठेवलेला ओला कपडा आतली वाफ कोंडतो, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तेव्हापासून मार्च ते जून सकाळी सातनंतर आणि रात्री साडेआठच्या आधी तिचा पाय रस्त्यावर पडत नाही. त्याआधीही मी तळहाताची मागची बाजू रस्त्याला लावून सात आकडे मोजते. हात टेकवत नसेल तर घरी परत.

मी त्या चार-पाच मिनिटांत पट्टा ओढला होता, हे अजून जात नाही मनातून.

एवढं सगळं सांगून मी त्या मुलाला खरं तर एका पानाबद्दल सांगायला हवं होतं. वहीच्या शेवटी पप्पांनी एक पान मला लिहायला लावलं होतं. वर मथळा त्यांच्या अक्षरात, "तू नसशील तेव्हा". खाली मी लिहिलं होतं, "शिक्षण, नोकरी, लग्न, जिथे जाईन तिथे खारीक माझ्याबरोबर येईल." पप्पांनी त्याखाली काही न बोलता आकडेमोड केली होती. पिल्लू २०२२. अशा कुत्र्याचं आयुष्य दहा ते बारा वर्षं. २०३४. माझं वय तेव्हा एकतीस. पप्पांचं एकोणसत्तर. आईचं चौसष्ट. आजीच्या पुढे त्यांनी रिकामी रेघ मारली होती.

मी तो हिशेब तेव्हा नुसता वाचला. गेल्या जुलैत पुण्यात नोकरी लागली तेव्हा तो कळला. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही असं प्राणी कल्याण मंडळाचं म्हणणं आहे, पण भाड्याने खोली देणारा घरमालक नाही म्हणू शकतो, आणि मला भेटलेले सातही जण नाही म्हणाले. दिवसभर मी कामावर, खारीक बंद खोलीत एकटी, हे तिच्यासाठी चांगलंही नव्हतं. ती नाशिकलाच राहिली. पप्पा त्याच वर्षी निवृत्त झाले. पस्तीस वर्षं पाळ्या केलेल्या माणसाला आता तरी सकाळी उशिरापर्यंत झोपायचं असेल. ते साडेपाचला उठतात. उजवा गुडघा दुखतो, दसकपर्यंत जाता येत नाही, शाळेच्या भिंतीला वळसा घालून येतात. मी १ तारखेला ७,००० रुपये पाठवते आणि एक आड एक शनिवारी एसटीने जाऊन तिला अंघोळ घालते, विंचरते, कान पुसते, नखं कापते. रोजचं काम मात्र माझे आईवडील करतात. "सगळं मी करीन" हे मी शपथेवर सांगितलेलं वाक्य होतं. मनापासून सांगितलं होतं, आणि ते पाळता आलेलं नाही.

म्हणून माझ्या वयाच्या आणि माझ्याहून लहान सगळ्यांना कळकळीने सांगते. सोळाव्या-सतराव्या वर्षी तुम्ही पिल्लू मागता तेव्हा तुम्ही तुमच्या आईवडिलांच्या पन्नाशी-साठीतल्या दहा-बारा वर्षांच्या पहाटा मागत असता. तसं स्पष्ट म्हणा. "मी पाच वर्षं सगळं करीन, पुढे मी बाहेर गेलो तर तुम्हाला करावं लागेल, तुमची तयारी आहे का?" असं विचारा. याचं उत्तर "नाही" असं आलं, तर ते "नाही" ऐका. ते तुमच्यावर प्रेम नाही म्हणून आलेलं नसतं.

आणि पालकांनो, तुमच्याकडेही मागणं आहे. नव्वद टक्क्यांचं बक्षीस म्हणून पिल्लू आणू नका. निकालाचा आनंद आठवड्यात ओसरतो. पण मूल तळमळीने मागत असेल तर "आपल्याकडे असली थेरं नकोत" म्हणून विषय मिटवूही नका. माझे पप्पा तसं म्हणाले असते तर मी जनावरांच्या दवाखान्यात कधी पाऊल टाकलं नसतं, आईच्या कामाची किंमत मला कळली नसती, आणि आजीला नेमकी कशाची भीती वाटते हे घरात कोणालाच समजलं नसतं. वही द्या. अट घाला. अट अशी घाला की मूल हरलं तरी कुठलं जनावर हरणार नाही. सहा महिने एकट्याने चाललेलं मूल मधेच थांबलं, तर फक्त एक वही अर्धी राहते.

पटवायचं कसं, असं तो मुलगा विचारत होता. हस्कीसाठी पटवायचं कसं ते मी त्याला सांगणार नाही. एप्रिलमध्ये मी खारीकची जीभ पाहिली आहे, आणि हस्कीला तर तिच्याहून दाट लोकर. त्याच्या मनात कुत्र्याची जी जात आहे ती त्याने बदलावी. त्याला पळणारा कुत्रा आवडत असेल तर मुधोळच्या हाउंडची माहिती काढावी. आखूड केसांचा, आपल्याच दख्खनच्या उन्हात वाढलेला, मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला. २००५ साली टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं. मात्र त्याला मोकळं रान लागतं आणि रोज मनसोक्त धावणं लागतं, तेही फ्लॅटमध्ये सोपं नाही. ते त्याने दवाखान्यात चार शनिवार बसून स्वतः शोधावं.

रविवारी दुपारी मी हे सगळं त्याला पुन्हा नीट बसून सांगितलं. तो गप्प झाला. मग विचारलं, "रोज साडेपाचला?" मी म्हटलं, रोज. संध्याकाळी तो वर आला तेव्हा पप्पा खारीकचे पाय पुसत होते. त्यांनी त्याला बसवलं आणि माझी जुनी वही काढली. मागे सतरा पानं कोरी आहेत. पप्पांनी पहिल्या कोऱ्या पानावर त्याचं नाव लिहिलं, खाली "१ जून" आणि पुढे महिनाभराच्या चौकटी आखल्या. शाळेच्या भिंतीपर्यंत ते दोघं आणि खारीक बरोबर जाणार आहेत. तिथून पुढे दसकपर्यंत त्याने एकट्याने जायचं आहे.

आपली वाचक,
जेलरोड, नाशिकरोड (सध्या पुणे)
(कृपया नाव छापू नये, ही विनंती.)